दारात आलेल्या उमेदवाराला दिव्यांग हक्कांबद्दल नेमकं काय विचारायचं?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. ज्यांनी कानात हेडफोन घालून आधीच ऐकलाय त्यांच्यासाठी यात फार नवीन काही नाही. बोलताना मी जिथे अडखळलो ते गाळलंय, आणि कायद्याच्या कलमांचे आकडे जागच्या जागी टाकलेत, म्हणजे तुम्हाला स्क्रीनशॉट काढून ठेवता येईल.

तर विषयावर येऊ. १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान आहे. पुण्यात यापूर्वीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झालं होतं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आता नोकरीत सहा वर्षं झाली. मार्च २०२२ पासून तर महापालिकेत नगरसेवकच नाहीत, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. म्हणजे जवळपास चार वर्षं आपल्या प्रभागात 'साहेब, हे असं का?' असं विचारायला निवडून आलेलं कुणीच नव्हतं. आणि आता अचानक दिवसाला तीन-तीन पदयात्रा, सोसायटीत बैठका, व्हॉट्सॲपवर 'आपला माणूस'. प्रचार १३ तारखेला संपतो. तोपर्यंत हे लोक आपलं ऐकायला उभे राहतात. १६ तारखेला निकाल लागला की गर्दी वाढते आणि आपण रांगेत जातो.

या दहा-बारा दिवसांत दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबद्दल उमेदवाराला काय विचारायचं, कसं विचारायचं आणि त्याने टोलवलं तर काय करायचं, एवढंच आज बोलायचंय.

एक शब्दाचा खुलासा आधीच करतो. मी 'दिव्यांग' म्हणतोय कारण सरकारी कागदावर तोच शब्द आहे. माझ्या मामाला तो आवडत नाही, तो स्वतःला 'अपंग' म्हणतो आणि म्हणतो, "दिव्य वगैरे काही नको, उतार नीट बांधा." माझ्या ताईला लहानपणापासून ऐकू येत नाही, ती 'कर्णबधिर' लिहिते. तुमच्या ओळखीच्या माणसाला कोणता शब्द चालतो ते त्यालाच विचारा, वादच मिटला.

आधी एक वाईट प्रश्न

"दिव्यांगांसाठी तुम्ही काय करणार?"

हा प्रश्न मी गेल्या दोन आठवड्यांत तीन बैठकांत ऐकला. विचारणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण प्रश्न वाईट आहे. कारण याचं उत्तर आधीच छापून तयार असतं. "आपण गेल्या वर्षी तीनचाकी सायकली वाटल्या, श्रवणयंत्रं वाटली, पुढेही वाटू." टाळ्या. पुढचा प्रश्न.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे टेस्टिंगवाल्याने 'ॲप चालत नाही' एवढंच लिहून पाठवलं तर तो बग कुणी उघडूनही बघत नाही. कोणत्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहिलं की मात्र कुणाच्या तरी नावावर तो बग पडतो आणि मग पळता येत नाही. उमेदवाराला विचारायचा प्रश्न तसाच हवा. जागा कुठली, नियम काय म्हणतो, प्रत्यक्षात काय आहे आणि तुम्ही निवडून आलात तर तुमच्या हातातला कोणता अधिकार वापराल.

यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. कारण आपल्याला कोणाच्या हातात काय आहे तेच माहीत नसतं.

नगरसेवकाला पेन्शनचं विचारू नका

सोसायटीच्या बैठकीत एका आजोबांनी उमेदवाराला विचारलं, "संजय गांधी निराधार योजनेचे पैसे वेळेवर का येत नाहीत?" रास्त प्रश्न, चुकीचा माणूस. उमेदवार आनंदाने म्हणाला, "मी वर बोलतो." कारण 'वर बोलतो' म्हणायला काहीच लागत नाही.

संजय गांधी निराधार योजना ही राज्य सरकारची. २०२५ मध्ये राज्याने त्यातली दिव्यांगांची रक्कम महिन्याला १५०० वरून २५०० रुपये केली. हा विषय आमदाराचा. त्याच्यासाठी एक कलम पाठ करून ठेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २४. त्यात लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांग व्यक्तीला मिळणारी मदत ही इतरांना तशाच योजनेत मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. म्हणजे उद्या कुठल्याही नवीन योजनेची रक्कम जाहीर झाली की आमदाराला विचारता येतं, 'याच्यावरचे २५ टक्के कुठायत?'

खासदाराचं वेगळं. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या माणसाला केंद्र देतं महिन्याला ३०० रुपये. तीनशे. हा आकडा खूप वर्षं हललेला नाही. लोकसभेला तुमच्या दारात कुणी आलं तर फक्त एवढंच विचारा, 'तीनशे रुपयांत तुमच्या घरी किती दिवस जातात?' बाकी काही बोलायची गरज नाही.

आणि नगरसेवक? त्याच्या हातात फूटपाथ आहे. महापालिकेची शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बाग, सार्वजनिक स्वच्छतागृह. पुण्यात ज्याला 'स यादी' म्हणतात तो नगरसेवकाने सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा निधी आहे, ज्यातून बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानी होतात. सर्वसाधारण सभेत प्रशासनाला लेखी प्रश्न विचारायचा अधिकार आहे, त्याचं उत्तर प्रशासनाला द्यावं लागतं. स्थायी समितीवर गेला तर टेंडर त्याच्यासमोरून जातं. हे सगळं खरं आणि जवळचं आहे, म्हणून मला महापालिकेची निवडणूक या विषयासाठी लोकसभेपेक्षा कामाची वाटते.

पुण्यातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात आणि आपण चार मतं देतो. म्हणजे 'ते त्यांच्याकडे आहे' म्हणायला प्रत्येकाकडे आणखी तीन जण. त्यामुळे प्रश्न पॅनेलमधल्या एकालाच विचारू नका. चौघं एकत्र उभे असतील तेव्हा विचारा आणि म्हणा, 'चौघांपैकी कुणाचं नाव लिहून घेऊ?' मुंबईकरांचं बरं आहे, एक प्रभाग, एक नगरसेवक.

पाच टक्क्यांचा प्रश्न

आता सगळ्यात कामाचा प्रश्न. हा कुठल्याही महापालिकेत, नगरपालिकेत चालतो, आणि गावाकडच्या श्रोत्यांनो, तुमच्या ग्रामपंचायतीतही चालतो.

राज्य शासनाच्या निर्णयांनुसार २०१८ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचा आहे. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. हा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही, राखीव आहे. पण राखीव असणं आणि खर्च होणं यात जो खड्डा आहे तो पुण्याच्या कुठल्याही रस्त्यावरच्या खड्ड्यापेक्षा मोठा असू शकतो. मार्च आला की घाईघाईत काहीतरी वस्तू खरेदी करायच्या आणि वाटपाचे फोटो काढायचे, नाहीतर निधी पडून ठेवायचा, हे दोन प्रकार गावापासून शहरापर्यंत कानावर येतात.

म्हणून प्रश्न असा: "पाच टक्के दिव्यांग निधीपैकी गेल्या वर्षी किती राखला, किती खर्च झाला आणि कशावर झाला, हे तुम्ही निवडून आल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेत लेखी विचाराल का? हो की नाही?"

बघा, यात उमेदवाराने पैसा द्यायचा नाहीये, काही बांधायचं नाहीये. फक्त एक प्रश्न विचारायचाय. याला 'नाही' म्हणणं अवघड आहे आणि 'हो' म्हटलं की ते तपासता येतं. माझ्या मते चांगल्या प्रश्नाची हीच खूण. मी हा प्रश्न एका उमेदवाराला विचारला तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सोबतच्या कार्यकर्त्याला विचारलं, "असा निधी असतो का रे?" मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तेवढ्यापुरतं काम झालं.

फोनमधली पट्टी आणि पाच अंश

आता फूटपाथ आणि इमारतींकडे येऊ. इथे तुमचा स्मार्टफोन खरोखर हत्यार आहे, आणि मी इंजिनिअर असल्यामुळे इथे जरा रमणार आहे, सांभाळून घ्या.

रॅम्पचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायची असेल तर उतार बारा फूट लांब हवा. आता हे त्रिकोणमितीत टाकलं तर कोन येतो साधारण ४.८ अंश. ढोबळमानाने पाच धरा. आयफोनमध्ये 'मेझर' ॲपमध्ये लेव्हल असते, अँड्रॉइडला अशी फुकट ॲप्स भरपूर आहेत. फोन रॅम्पवर आडवा ठेवायचा, आकडा बघायचा, स्क्रीनशॉट काढायचा. दहा सेकंदांचं काम.

मी आणि मामाने एका रविवारी हा उद्योग केला. मामाला लहानपणी पोलिओ झाला. आधी कॅलिपर आणि कुबड्या, आता पन्नाशीनंतर खांदे दुखायला लागल्यावर व्हीलचेअर. शहरातल्या एका इमारतीच्या दाराशी, नाव घेत नाही, झकास रॅम्प होता. पिवळा रंग, स्टीलचा कठडा, वर व्हीलचेअरचं चिन्ह. फोन ठेवला, १४ अंश. म्हणजे एक फूट चढायला जेमतेम चार फूट. मामा हसून म्हणाला, "हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे." कागदावर मात्र त्या इमारतीच्या पुढे 'रॅम्प: आहे' असंच लिहिलेलं असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट पास, फीचर बंद.

दुसरं माप फूटपाथवरच्या खांबांचं. दुचाक्या चढू नयेत म्हणून लावतात ते. हेतू शंभर टक्के बरोबर, पुण्यात तर जास्तच. पण व्हीलचेअरची रुंदी साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर असते, वर चाक फिरवायला हातांची जागा. दोन खांबांत ९० सेंटिमीटर मोकळे नसतील तर दुचाकी अडो न अडो, व्हीलचेअर नक्की अडते. टेप नसेल तर फोनचं माप चालतं.

कायदा याबद्दल काय म्हणतो? २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ नुसार, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत संपली जून २०२२ मध्ये. अंमलबजावणीत एक पळवाटही होती, सुगम्यतेची मानकं पाळा असं सांगण्याऐवजी पाळावीत असं सुचवल्यासारखी भाषा. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम, क्रमांक १५, मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानकं बंधनकारक करा असं केंद्राला सांगितलं. त्यामुळे आता 'हळूहळू करू' म्हणणाऱ्याला तुम्ही शांतपणे सांगू शकता की हळूहळूची तारीख होऊन गेली.

तर प्रश्न असा बनतो: "आपल्या प्रभागातल्या अमुक दवाखान्याचा रॅम्प १४ अंशांचा आहे, हा फोटो. कायद्याची मुदत २०२२ मध्ये संपली. पहिल्या वर्षीच्या स यादीतून तुम्ही हा उतार नीट करून घ्याल का?" जागा एक, माप एक, पैसा कुठून ते सांगितलं, कधी तेही सांगितलं. आता पळणार कुठे?

एकच जागा निवडा, हे मात्र मनापासून सांगतो. पंधरा मागण्यांचं निवेदन दिलं की ते फोटोपुरतं स्वीकारलं जातं. एक जागा, जी तुमच्या प्रभागातल्या खऱ्या माणसाला रोज लागते, तिच्यावर अडून बसा. आणि ती जागा आपण धडधाकट लोकांनी ठरवू नका. मी मामाला न विचारता ठरवलं असतं तर बागेचं प्रवेशद्वार निवडलं असतं. मामाने निवडलं स्वच्छतागृह. म्हणाला, "बागेत गेलो नाही तर चालतं. बाहेर पडल्यावर लघवीला जाता येणार नाही म्हणून मी सकाळपासून पाणी पीत नाही, ते आधी बघ." एवढी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

टोलवाटोलवी

आता उमेदवार काय बोलतो ते. चार प्रकारची उत्तरं येतात.

एक, वाटपवालं. "आम्ही एवढ्या सायकली वाटल्या." चांगलं आहे, धन्यवाद म्हणा, आणि विचारा, 'ती सायकल ज्या फूटपाथवरून न्यायची त्याचं काय?' वाद घालू नका, वाटपाला नावं ठेवू नका. ज्याला सायकल मिळाली त्याला ती लागतेच. फक्त विषय परत रस्त्यावर आणा.

दोन, "निवडून आल्यावर नक्की बघू." यावर फोन काढा. म्हणा, 'साहेब, हेच वाक्य कॅमेऱ्यासमोर बोलाल का, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.' विचारून रेकॉर्ड करा, लपून नको. बोलले तर उत्तम. नाही बोलले तर ग्रुपला तेही सांगता येतं.

तीन, जे तोंडाने कुणी म्हणत नाही पण डोळ्यांत दिसतं: 'असे किती लोक आहेत?' म्हणजे मतं किती. याचं उत्तर तयार ठेवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६० हजारांहून जास्त दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.६ टक्के. पुण्यात सरासरी प्रभाग ८५ हजार लोकसंख्येचा. म्हणजे एका प्रभागात बावीसशेच्या आसपास माणसं, आणि त्यांची घरं वेगळी मोजा. शिवाय हा आकडा जुना आहे. तेव्हाच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज तर १६ टक्के आहे. त्यात गुडघे गेलेल्या आज्या, प्लॅस्टरमधले पाय आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आया धरल्याच नाहीत. त्यांनाही तोच उतार लागतो.

चौथा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. आमच्या सोसायटीत मामाने स्वतः प्रश्न विचारला. स्पष्ट आवाजात, नीट. उमेदवाराने माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "यांना काय हवंय ते आपण करून देऊ." मी काहीच बोललो नाही, फक्त मामाकडे बघत राहिलो. मग उमेदवारालाही तिकडे बघावं लागलं. तुम्ही कुणाच्या सोबत गेला असाल तर हीच युक्ती वापरा. मधे पडून भाषांतर करू नका. ताईबरोबर जातो तेव्हा मात्र मी खुणांच्या भाषेत सांगतो, पण तेव्हाही उमेदवाराला आधीच म्हणतो, "तिच्याकडे बघून बोला, मी फक्त आवाज आहे."

आणि कुणी भाषणात समोरच्या पक्षाला 'आंधळं', 'बहिरं', 'लंगडं' म्हटलं तर लक्षात ठेवा, डिसेंबर २०२३ मध्ये भारत निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना अशी भाषा टाळायला सांगितलंय. दिव्यांगत्व ही शिवी नाही. कोपरा सभेत हे उभं राहून सांगायला हिंमत लागते हे खरं, पण उमेदवाराचं सोशल मीडिया सांभाळणारी पोरं आपल्याच वयाची असतात. त्यांना मेसेज टाकला तर ती ऐकतात.

त्या पोरांसाठी अजून एक काम

माझ्या ताईला आमच्या प्रभागातल्या एकाही उमेदवाराचं म्हणणं अजून कळलेलं नाही. सगळी रील्स, सगळी भाषणं, खाली मजकूर एकाचाही नाही. ढोल ताशा मात्र जोरात, असं मी तिला सांगितलं तर म्हणाली, "तो मला जमिनीतून जाणवतो." या ब्लॉगवर दर एपिसोडचा मजकूर येतो तो तिच्यासाठीच सुरू झाला, हे जुन्या श्रोत्यांना माहितीये.

जाहीरनाम्यांचं वेगळंच दुखणं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटो. टॉकबॅकसारखं स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला ती कोरी पानं. आणि जी फोटो नसते ती बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असते. तुम्हाला दिसायला छान मराठी दिसतं, पण त्यातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. जो इंग्रजी अक्षरांचा खिचडा येईल ना, तोच खिचडा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. हे जमत नाही असं नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, साधी वेब पेज करा, रीलखाली मराठी कॅप्शन टाका. एका संध्याकाळचं काम.

आणि हा फक्त प्रचारापुरता मुद्दा नाही. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीला केवायसी करताना पापणी मिटवून दाखवता येत नाही म्हणून काम अडतं, तिथून ते प्रकरण उभं राहिलं. तर नगरसेवकासाठी प्रश्न: 'महापालिकेचं संकेतस्थळ आणि तक्रारीचं ॲप दृष्टिहीन माणसाकडून तपासून घ्यायला लावाल का? आणि फोन करता न येणाऱ्यासाठी लेखी चॅटची सोय मागाल का?'

पक्षाला विचारायचा प्रश्न

हा उमेदवाराला नको, पक्षाच्या शहराध्यक्षाला किंवा जाहीरनामा लिहिणाऱ्याला. महापालिकेत निवडून आलेल्यांशिवाय स्वीकृत नगरसेवक असतात, पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे घेतलेले. त्या जागांवर कोण बसतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तिकीट कापलेला नाराज माणूस. विचारा, 'तुमच्या वाट्याच्या स्वीकृत जागांपैकी एक दिव्यांग व्यक्तीला द्याल का?' ही कविकल्पना नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडू विधानसभेने स्थानिक संस्थांमध्ये दिव्यांग व्यक्तींना सदस्य म्हणून नेमण्यासाठी कायद्यात बदल मंजूर केले. आपल्याकडे तर त्यासाठी नवा कायदाही नको, पक्षाची इच्छा पुरे.

हे दहा दिवसांत काय होणार, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी. २००४ च्या लोकसभेच्या वेळी मतदान केंद्रांवर रॅम्प हवेत म्हणून जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. एप्रिलमध्ये, मतदानाचे टप्पे अगदी तोंडावर असताना, न्यायालयाने रॅम्प करायचे आदेश दिले. लाकडी फळ्या टाकून का होईना, त्याच निवडणुकीत काही ठिकाणी ते झाले. आज तुम्हाला केंद्रावर रॅम्प दिसतो तो असा आलाय.

मतदानाच्या दिवसाचं थोडक्यात

कायद्याचं कलम ११ सांगतं की मतदान केंद्रं दिव्यांगांना वापरता येतील अशी ठेवायची जबाबदारी भारत निवडणूक आयोगाची आणि राज्य निवडणूक आयोगांची, दोघांची आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभेला ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना १२-ड अर्ज भरून घरून मत देता येतं, ती सोय केंद्रीय आयोगाची. ती इथेही असेलच असं धरून घरच्या माणसाला बसवून ठेवू नका, क्षेत्रीय कार्यालयात आधी विचारा. आणि याच आठवड्यात आपलं केंद्र बघून या. खोली पहिल्या मजल्यावर असेल, दाराशी दोन पायऱ्या असतील, तर आत्ता लेखी कळवा, फोटो जोडा, पोच घ्या. १५ तारखेला सकाळी भांडून खोली खाली येत नाही.

निकालानंतर उमेदवाराच्या उत्तराचा व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवा. विजयी झालेल्याला अभिनंदनाच्या मेसेजबरोबरच तो पाठवा, गोड शब्दांत. मग महापालिकेचं बजेट येईल, तेव्हा पाच टक्क्यांचं पान उघडा. काम अडलं तर कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव मागा. त्याच्याही वर दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तेही पुण्यातच.

तुमच्या प्रभागात कुणी काय उत्तर दिलं ते आम्हाला पाठवा, पुढच्या एपिसोडला वाचून दाखवतो. उमेदवाराचं नाव नाही घेतलं तरी चालेल, प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं हवं. व्हॉइस नोट पाठवलीत तर खाली दोन ओळी टाइपही करा. ताई इनबॉक्स बघते.